खालची जागा

काकूंचा भाचा आमच्या दोन खोल्यांचं माप घेऊन गेला, त्या दिवसापासून माझं कामावरचं लक्षच उडालं.

सकाळची वेळ होती. मी खिडकीशी बसून एका जाकिटाची चेन उसवत होते. त्यानं दार वाजवल्यासारखं केलं आणि मी ‘ये’ म्हणायच्या आत तो आत आला. हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि यंत्रावर आकडा उमटायचा. कपाटावर ठिपका, ओट्यावर ठिपका, पलीकडच्या खोलीत सासऱ्यांच्या पलंगाच्या वरच्या भिंतीवर ठिपका. एकदा तर माझ्या खांद्यावरच पडला.

“वहिनी, जरा सरकता का?”

“कशाला घेतोयस रे माप?”

“काही नाही हो, असंच.”

असंच! माझं सगळं आयुष्य लोकांची मापं घेण्यात चाललंय. असंच म्हणून कोणी कधी माप घेत नाही. एकदा माप घेतलं की कात्री चालणार, हे मला तरी कोणी शिकवायला नको. पण तो काकूंचा भाचा, आणि काकू घराच्या मालकीण. मी निमूटपणे सरकले.

घर दुमजली. वरच्या मजल्यावर काकू एकट्या राहतात. खालच्या दोन खोल्यांत मी, नवरा आणि सासरे. त्यातल्या पुढच्या खोलीतच माझं मशीन आहे आणि त्या खोलीलाच मी दुकान म्हणते. नवीन कपडे मी शिवत नाही. लांब असेल ते आखूड करते, सैल असेल ते घट्ट, आणि माणूस सुटला असेल तर कपडाही सोडून देते. काकू मला नावानं कधीच हाक मारत नाहीत. जिन्यातून ओरडतात, “ए खालचीऽ!” इतक्या वर्षांत मला त्याची सवय झालीय, पण आवडतं असं नाही. माणसाचा पत्ता हेच त्याचं नाव कसं होईल?

आमची गल्ली गेली काही वर्षं अंगावरचे जुने कपडे काढून नवे घालतेय. कोपऱ्यावरचं खिळे-स्क्रूचं दुकान गेलं, तिथं कॉफीवाले आले. त्यांच्याकडच्या खुर्च्या इतक्या उंच आहेत की बसलेल्या माणसाचे पाय लोंबकळतात, आणि माणसं तशाच लोंबकळत्या पायांनी तासन्‌तास बसतात. रंगाच्या दुकानात व्यायामशाळा झाली. समोर एका बाईनं फक्त घरात ठेवायची झाडं विकायला सुरुवात केली. त्यांना ऊन चालत नाही, पाणी जास्त झालेलं चालत नाही, कोणी हात लावलेला चालत नाही. मग त्यांना झाडं कशाला म्हणायचं?

खोटं कशाला बोलू, या नव्या लोकांमुळे माझं काम वाढलं. रोज कोणी ना कोणी महागडं जाकीट घेऊन येतं आणि ‘जरा सैल करून द्या’ म्हणतं. मी आतली शिवण उलगडून दाखवते. शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा सोडतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माया असली की कपडा वाढवता येतो. या नव्या कपड्यांत ती नसतेच. “माया नाही हो यात,” असं मी म्हणाले की ती पोरं हसतात. मला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही.

काम वाढलं आणि भीतीही वाढली. गल्लीतले एकेक जुने भाडेकरू निघाले. कोणाची मुदत संपली, कोणाला ‘दुरुस्ती करायचीय’ म्हणून सांगितलं. दुरुस्ती झाली, तेवढी माणसं परत आली नाहीत.

माझी भीती मात्र स्वतःसाठी नव्हती. मशीन काय, कुठंही चालतं. भीती होती ती सासऱ्यांची.

सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. गल्ली त्यांना अजून मास्तर म्हणते. त्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा आम्ही चष्मा, किल्ल्या, जेवण झालं की नाही, इथपर्यंत हसण्यावारी नेलं. मग एकदा त्यांनी आपल्या मुलालाच ‘आपण कोणाकडे आलात?’ असं विचारलं आणि आमचं हसणं बंद झालं. पण एक गोष्ट ते विसरले नाहीत. रोज सकाळी फिरायला जायचं आणि एकटं परत यायचं. दारातून बाहेर पडलं की न्हाव्याचा आरसा, मग किल्लीवाल्याच्या दारावरची लाकडी किल्ली, मग रंगवाल्याचे डबे. तिथून वळायचं आणि तेच सगळं उलटं बघत घरी यायचं. घरातही तसंच. अंधारात उठले तरी हात भिंतीला लावून बरोबर मोरीपर्यंत जातात.

रंगवाला गेला तेव्हा ते एक-दोनदा गोंधळले. किल्लीवाल्यानं दुकान सोडलं आणि ती लाकडी किल्ली खाली उतरवली, त्या दिवशी मात्र ते तिथंच उभे राहिले. न्हावी अर्धं डोकं झालेलं गिऱ्हाईक तसंच बसवून बाहेर आला आणि त्यांचा हात धरून घरी घेऊन आला.

“किल्ली हरवली गं,” सासरे मला म्हणाले. “आता घर कसं उघडायचं?”

मी म्हणाले, “बाबा, घर उघडंच आहे. या.” आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, “जागा बदलू नका. ओळखीचं जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवा.” किती सहज म्हणाले. जणू जागा माझ्या कपाटात घडी करून ठेवलीय!

अशात तो लाल ठिपका आला. आणि पाठोपाठ तो फोन.

जिना माझ्या खिडकीला लागूनच आहे. काकूंना एका कानानं कमी ऐकू येतं आणि सगळ्या जगाचं तसंच आहे असं त्यांना वाटतं. त्यामुळे त्या फोनवर बोलतात ते गल्लीत ऐकू येतं. त्या दिवशी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून त्या नणंदेशी, म्हणजे त्या भाच्याच्या आईशी, बोलत होत्या.

“नाही नाही, परक्यांचा विषयच काढू नकोस. खालची जागा घरच्यांसाठीच राहणार... अगं, घरच्यांनाच! आता किती वेळा सांगू!”

माझा पाय मशीनवरच थांबला. भाच्याचं लग्न ठरलेलं सगळ्यांना माहीत होतं. लग्न ठरलेला भाचा, त्यानं घेतलेलं माप, आणि आता हे. मी सगळी टोकं जुळवली आणि वरून पक्की टीप मारली.

संध्याकाळी नवरा आल्यावर सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देण्यात त्याचा हातखंडा आहे. घरात काही अडकलं की मात्र सगळा धीर मीच द्यायचा.

“सरळ विचार ना काकूंना,” तो म्हणाला.

“आणि विचारल्यावर त्या सांगतील ना!”

“म्हणूनच तर विचारायचं.”

“अरे, जोपर्यंत विचारत नाही तोपर्यंत आपण इथं आहोत. विचारलं की त्यांना तोंडानं ‘निघा’ म्हणावं लागेल. एकदा म्हणाल्या की संपलं.”

त्यानं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं, पण विचारायला तो स्वतःही गेला नाही.

मग आमचा लपंडाव सुरू झाला. म्हणजे लपणारी मी एकटीच. जिन्यात पाऊल वाजलं की मी आतल्या खोलीत पळायचे. वरून ‘ए खालचीऽ’ आलं की मी मशीनवर जोरात पाय मारायचे, कपडा असो वा नसो. एकदा काकू थेट दारातच आल्या.

“अगं, जरा बोलायचं होतं तुझ्याशी.”

“काकू, आज फारच घाई आहे. उद्या चालेल?”

“चालेल की.”

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. मी त्यांना बघितलं आणि मशीन सुरू केलं. त्या बोलायला लागल्या, मी कानाकडे हात नेऊन ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांचं तोंड मिटलं आणि त्या वर गेल्या. मला हायसं वाटलं. आणखी एक दिवस मिळाला, असं वाटलं.

नंतर त्या खाली आल्याच नाहीत. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

आम्ही जागा बघायला लागलो. आमच्या भागातलं भाडं ऐकून दोघांनीही काखा वर केल्या. शेवटी एक एजंट आम्हाला शहराच्या पार टोकाला घेऊन गेला. नवी कोरी इमारत, नववा मजला. नवऱ्यानं जागेपेक्षा लिफ्टच जास्त वेळ बघितली आणि ‘चांगल्या कंपनीची आहे’ असा निकाल दिला.

“घरात म्हातारं माणूस?” एजंटनं विचारलं. “मालकांना नंतर कटकट नको असते.”

“सासरे आहेत,” मी म्हणाले. “अगदी ठणठणीत.”

ठणठणीत सासरे त्या वेळी रिकाम्या खोलीत फिरत होते. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं, “उंच आहे बुवा,” म्हणाले. मग सवयीनं हात भिंतीला लावला आणि चालायला लागले. आमच्या घरात जिथं मोरीचं दार येतं तिथं इथं नुसतीच भिंत होती. ते थांबले. भिंत चाचपली. पुन्हा चाचपली.

“इथं दार होतं,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “दार कुठं गेलं?”

एजंट हसला. त्याला तो विनोद वाटला. मीही त्याच्याबरोबर हसले, कारण ठणठणीत माणसाचा तो विनोदच असणार होता. असं हसल्याची लाज मला अजून वाटते. नवऱ्यानं खाली उतरल्या उतरल्या टोकन देऊन टाकलं.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “आता तरी सांगायला लागेल काकूंना.”

“मीच सांगते,” मी म्हणाले. “त्यांनी काढलं असं म्हणण्यापेक्षा आपण सोडली असं तरी होईल.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी वर गेले. जिना चढता चढता पाठ केलेलं सगळं मनात म्हणत होते. आवाज चढवायचा नाही. डोळ्यांत पाणी आणायचं नाही. भाच्याला लग्नाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि उतरायचं.

काकू खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानंच म्हणाले, “काकू, आम्ही जागा सोडतोय.”

“माहीत आहे.”

माझं पाठांतर तिथंच संपलं. “कोणी सांगितलं?”

“न्हाव्यानं. मास्तर त्याच्याकडे बसले होते. म्हणाले, फार उंच घर बघून आलो, पण त्याला दार नाही.” काकूंनी शेंग मोडली. “मग मीही कॉफीवाल्यांना हो म्हणून टाकलं. आज सकाळी.”

“कॉफीवाल्यांना?”

“त्यांना कोपऱ्यावरची जागा पुरत नाही म्हणे. किती दिवस मागे लागलेत.”

“पण मग भाचा कुठं राहणार?”

“त्याचं काय? त्याची जागा कधीच घेऊन झालीय, होणाऱ्या बायकोच्या माहेराजवळ.” काकूंचा आवाज चढला. “त्यानंच तर हे कॉफीवाले आणले माझ्या मानगुटीवर. मला न विचारता माप काय घेऊन गेला! चांगला झापला मी त्याला.”

मला काही समजेना. म्हणजे समजत होतं, पण ते खरं असावं असं वाटत नव्हतं. “काकू, तुम्हीच फोनवर म्हणालात. मी ऐकलं. खालची जागा घरच्यांसाठीच राहणार म्हणून.”

“म्हणालेच. नणंद डोकं खात होती, जागा कॉफीवाल्यांना देऊन टाक म्हणून. मग काय सांगायचं तिला?”

“मग घरचे म्हणजे...”

काकूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाठीमागे कोणी उभं आहे का ते बघितलं.

“घरचे म्हणजे कोण वाटलं तुला?” त्या म्हणाल्या. “या घरात मी सोडून आणखी राहतं कोण?”

तोंडात मारल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

“मग सांगायचं ना तसं!”

“दोनदा आले सांगायला. भाचा असं असं करतोय, घाबरू नकोस, एवढंच सांगायचं होतं. तू मशीन सुरू केलंस. मला वाटलं, हिला चांगली जागा मिळालीय, आता म्हातारीला तोंड कसं दाखवायचं म्हणून टाळतेय. न्हावी बोलला तेव्हा खात्रीच पटली. जाणाऱ्याला अडवायचं तरी कोणत्या तोंडानं?”

“तुम्ही मला कायम खालची म्हणता!”

“मग काय वरची म्हणू?”

यावर मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. खाली बसले आणि त्यांच्यासमोरच्या शेंगांमधली एक उचलून सोलायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मग जे इतके दिवस नवऱ्याजवळही धड बोलले नव्हते ते बोलले.

“काकू, मला नाही जायचं. बाबांना तिथं दार सापडत नाही. इथून हलवलं तर ते कुठंच परत यायचे नाहीत. मला इथंच राहायचंय.”

आमच्यामध्ये मटाराचं भांडं होतं आणि खालून सासऱ्यांचं खोकणं ऐकू येत होतं.

“मी शब्द दिलाय गं,” त्या म्हणाल्या. “थोड्या वेळानं ते लोक कागद घेऊन येतील.”

“अजून सही नाही ना केली?”

“सही नाही. पण शब्द दिला. आणि तो पोरगा इतकं गोड बोलतो, निम्मं मला ऐकू येत नाही, नि मी हो हो म्हणत जाते. आता पुन्हा बोलले तर पुन्हा हो म्हणेन.” त्यांनी हात पुसले, फोन उचलला, डोळ्यांजवळ धरून एक-एक बटण दाबलं, आणि तो माझ्यापुढे धरला. “तूच सांग.”

“मी? मी कोण सांगणार त्यांना?”

“ते तू ठरव.”

फोन माझ्या हातात वाजत होता. ते लोक चिडले तर? काकूंना कोर्टात खेचलं तर? उद्या भाच्यानं येऊन तमाशा केला तर? टोकन तर बुडालंच, नवरा आठवडाभर तोंड पाडून बसेल. आणि काकू अशा किती वर्षं वर राहणार? त्यांच्यानंतर काय? फोन ठेवून द्यावा असं वाटलं. खाली जावं, मशीन सुरू करावं, आणखी एक दिवस मिळवावा.

“नमस्कार!” पलीकडून आवाज आला. पोरगा खरंच गोड बोलत होता. “आम्ही निघतोच आहोत, काकू.”

“काकू नाहीत बोलत.”

“मग आपण कोण?”

बँकेत, रेशनच्या दुकानात, वीज कापायला आलेल्या माणसापुढे, या प्रश्नाचं उत्तर मी कायम एकच देत आले होते. आताही ‘भाडेकरू’ हाच शब्द तोंडात आला. काकू मान खाली घालून मटार सोलत होत्या, पण भांड्यात एकही दाणा पडत नव्हता.

“घरचीच बोलतेय,” मी म्हणाले. “खालची जागा आम्हाला द्यायची नाहीये.”